एका शब्दावरचा संसार

दि. ३ मार्च
दुकानातून

चि. टिटवीस,
थोरल्या भावाचे अ. उ. आ.

तुझा फोन आला की मी हूं-हूं करून ठेवून देतो, म्हणून तू फुगून बसली आहेस असं भाचीने कळवलं. फुगू नकोस. आमचं घर तू पाहिलेलं आहेस. पुढे दुकान, मागे खोली, मध्ये एक पडदा. तुला सांगायचं ते सगळं तुझ्या वहिनीविषयीच असतं आणि ती तिथेच हाताच्या अंतरावर बसलेली असते. तिला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. माणसाच्या तोंडावर त्याचंच दुखणं दुसऱ्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्यापेक्षा कागद बरा. माझा हात वस्तऱ्यावर बसलेला, पेनावर नाही, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

वहिनी इस्पितळातून घरी आली. उजवा हात गळ्यात बांधल्यासारखा असतो, उजवा पाय ओढत चालते, पण चालते. खाणं-पिणं ठीक. मुखडा थोडा एका बाजूला कलला आहे. मी तिला म्हटलं की गिऱ्हाईकाचे कल्ले कापताना माझ्या हातून एक खाली एक वर होतात तेव्हा तू मला किती नावं ठेवायचीस, आता बघ. ती हसली. हसू मात्र सरळ आहे हो.

आता मुख्य गोष्ट. तिच्यापाशी एकच शब्द उरला आहे. तो म्हणजे 'साबण'.

त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत होतं. मी वाटी मागितली. ती फळीकडे वळली, 'साबण' म्हणाली आणि खाली बसली. पुढे काय म्हणायचं होतं, संपलाय की नवा काढू की ओला कुणी ठेवला, ते तिच्यापाशीच राहिलं. इस्पितळात नाव विचारलं तर साबण. घर कुठे, साबण. माझ्याकडे बोट दाखवून हे कोण विचारलं, तरी साबण. सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. म्हटलं, संसारभर हिला मला हेच म्हणायचं होतं, आज धीर झाला.

हसलो खरा. पण जिच्या बोलण्यापायी दाढी झाल्यावरही गिऱ्हाईक खुर्चीतून उठायचं नाही, मागचा माणूस खोळंबून चिडायचा, तिच्या तोंडात एकच शब्द? इस्पितळाकडून वाचा शिकवायला एक बाई घरी येते. पोरसवदा आहे, पण कामाची आहे. ती म्हणते की या आजारात असं होतं, एखादाच शब्द अडकून राहतो, त्याचा अर्थ शोधत बसू नका. माझं मन घेत नाही. केसांचा गुंता सोडवायचा तर मधून ओढून चालत नाही, टोकापासून सुरुवात करावी लागते. या शब्दाचं टोक कुठे आहे? तो आला कुठून, त्याला सगे-सोयरे किती? तुझ्या तिकडच्या धुलाईखान्यात देशोदेशीची अठरापगड माणसं कामाला आहेत. प्रत्येकाला विचार, तो साबणाला काय म्हणतो. वेडा म्हण, पण विचार.

भाचीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो साबणासारखा वापरून झिजवू नये.

तुझा
दादा


दि. २१ मार्च
कामावरून, जेवणाच्या सुट्टीत

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर वाचायला तुझ्या भाचीला बसवलं, तीही हरली, शेवटी मीच अंदाजाने वाचलं. भावाचं अक्षर बहिणीला नाही कळणार तर कुणाला.

तुझं काम केलं. आमचा धुलाईखाना हॉटेलाच्या तळघरात आहे. खिडकी नाही, वाफ मात्र पोटभर. मी एक वडी हातात उंच धरली आणि एकेकाच्या टेबलाशी जाऊन विचारत सुटले. मुकादमाला वाटलं मी वडी घरी नेते आहे. त्याला समजावता समजावता तोही सांगून गेला, आमच्याकडे सबून. इस्त्रीवालीचंही सबूनच, आणि दोघांची गावं एकमेकांपासून इतकी लांब की विमानातही एक झोप होते. घड्या घालणारी म्हणते सबोन. गाड्या ढकलणारा उंच माणूस म्हणतो सबूनी. चादरी मोजणारीचं सॅपोने, मोठ्या यंत्रावरच्या म्हाताऱ्याचं सॅव्हों. शिवणकामवाला कुणाशी कधी बोलत नाही. त्याच्यापुढे वडी धरली, तर चष्मा वर करून म्हणाला, सॉप्पन. दादा, इतकी वर्षं आम्ही खाणाखुणांनी बोलतो आहोत. रोज हात बुडतात त्या वस्तूचं नाव सगळ्यांचं जवळजवळ एकच आहे, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारभर सगळे एकमेकांना हाका मारत होते, सबून, सॅपोने, सॉप्पन. आज तळघरात माणसं असल्यासारखं वाटलं.

गंमत पुढेच आहे. यंत्रावरचा म्हातारा म्हणाला की त्यांच्याकडे एखाद्याला साबण लावणं म्हणजे त्याला चांगलं फैलावर घेणं. म्हणजे तुझ्या धंद्यातलं, बिनपाण्याने करणं. त्याच्या शेजारच्याच देशातली एक सफाईवाली आहे, ती म्हणाली, छे, आमच्याकडे साबण देणं म्हणजे लाडीगोडी लावणं, मस्का लावणं. आणि तीच भाषा बोलणारा, पण समुद्रापलीकडून आलेला एक पोर्टर आहे. त्याच्याकडे साबण म्हणजे धास्ती. पोटात साबण झाला म्हणजे भीतीचा गोळा आला. शब्द एक, आणि रागावणं, लाडावणं, घाबरणं, सगळं त्याच्यात.

भाची वाचनालयात कामाला आहे म्हणून तिलाही जुंपलं. ती सांगते की हा शब्द आपल्याकडे अरबांच्या मालाबरोबर आला की पोर्तुगिजांच्या गलबतांतून, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. पूर्वेला एका बेटांच्या देशातही तो असाच जहाजातून उतरला. तिथे साबणाला पुढे दुसरं नाव मिळालं आणि जुना शब्द बहुतेक साबणाच्या फुग्यांपुरता उरला, पोरं उडवतात त्या. मला ऐकून कसंसंच झालं.

तू जेवतोस ना वेळेवर? की तिला भरवून उरलेलं खातोस? मला ओळखू येतं, पत्राला डाग पडले आहेत. वाचावाल्या बाईंचं ऐकत जा. आपण दोघंही शाळेतून लवकर सुटलेली माणसं, हे विसरू नकोस.

वहिनीला माझा नमस्कार सांग. ती जे म्हणेल ते मला पोचलं असं समज. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी
टिटवी


दि. ९ एप्रिल
दुकानातून

चि. टिटवीस,
थोरल्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. सबून, सबोन, सॉप्पन ऐकून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग तिने आपलं नाणं टाकलं, साबण. जणू पंक्तीत तिचाही नंबर आला.

तुझा तो राग-लाड-भीतीचा हिशोब तर सोन्यासारखा निघाला. मी मूर्ख, शब्द ऐकत होतो, चाल ऐकत नव्हतो. आता नीट कान देतो. गिऱ्हाईकाच्या गळ्याला मी कालचा टॉवेल लावला की पडद्याआडून ती 'सा' वर आपटते. ते फैलावर घेणं. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून ऊन खायचं असतं तेव्हा 'बण' लांबवते, गोडगोड. तो मस्का. आणि मी कोपऱ्यावरून पाव आणायला गेलो, जरा उशीर झाला, की परत येताना गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतं, भराभर, तुटक, एकामागून एक. ते समुद्रापलीकडचं. तिला जवळ घेतलं की थांबतं. याशिवाय चहासाठीचा वेगळा, मुतारीसाठीचा वेगळा, आणि शेजारच्या शिंपिणीची चहाडी करायची असेल तर डोळा बारीक करून एक अगदी वेगळा. आमचं भांडणसुद्धा होतं त्या एका शब्दात. परवा झालं. मी हरलो.

गिऱ्हाईकंही शिकली. आता येताना पडद्यापाशी थांबून म्हणतात, काय वहिनी, साबण? ती उत्तर देते. एक जण मला म्हणाला की बाकीच्या बायका हजार शब्दांत जे सांगत नाहीत ते ही एकात सांगते. मी म्हटलं, बाबा रे, तू घरी जाऊन असं बोलू नकोस, तुझी बिनपाण्याने होईल.

पण एक पेच पडला आहे आणि त्यासाठीच मुख्य लिहितो आहे. वाचावाली बाई परवा मला दुकानात बाजूला घेऊन बसली. ती म्हणाली की इतके आठवडे झाले, दुसरा एकही शब्द येत नाही, याचं कारण हाच शब्द आहे. वहिनीने काहीही म्हणायला तोंड उघडलं की हा आधी धावून बाहेर येतो. तो दारात आडवा निजला आहे, बाकीच्यांनी कसं यायचं? म्हणून त्याला आधी थांबवायचं. ती 'साबण' म्हणाली की समोर तळवा धरायचा, गप्प व्हायला लावायचं, आपणही घरात तो शब्द उच्चारायचा नाही. तो मोडला म्हणजे मग दुसरे शब्द एक-एक करून बसवता येतील. बसतीलच का, असं मी विचारलं. तिने खोटं सांगितलं नाही. काहींना येतात, काहींना नाही, असं म्हणाली. वेळ मात्र हीच आहे, पुढे मेंदू घट्ट होत जातो.

मी नाही म्हटलं. टिटवे, ज्याच्या अंगावर एकच सदरा आहे त्याला ही सांगते की तो काढ, मग नवा शिवू? मी तिला चहा दिला आणि विचार करतो म्हणून वाटेला लावलं.

माझा आपला दुसराच विचार आहे. खुर्चीत एक निवृत्त मास्तर येतात. त्यांनी सांगितलं की जुन्या काळी रोमजवळ सापो नावाचा डोंगर होता. त्यावर जनावरांचे बळी देत. चरबी आणि राख पावसाने वाहून नदीत यायची आणि खाली धुणं धुणाऱ्या बायकांचे कपडे आपोआप उजळ निघायचे. त्या डोंगरावरून साबणाचं नाव पडलं. ऐकून मला इतका आनंद झाला की मास्तरांची अर्धी दाढी तशीच राहिली. वहिनीलाही सांगितलं, डोंगर, नदी, राख, बायका, सगळं हाताने दाखवत. वाटलं, साबणापासून डोंगरावर जाता येईल, डोंगरावरून नदीवर, नदीवरून पाण्यावर. 'पाणी' एवढं जरी म्हणाली! एका शब्दावरून दुसऱ्यावर पाय टाकत, दार न मोडता. भाचीला सांग, त्या डोंगराचं सगळं शोधून पाठव.

तुझं मतही कळव. लोभ धरून राहा, आम्ही त्यावरच आहोत.

तुझा
दादा


दि. २८ एप्रिल
घरून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. गोड लिहिता येत नाही म्हणून सरळ लिहिते.

तो डोंगर नाही. भाचीने वाचनालयातली मोठी पुस्तकं काढली, नकाशे काढले, तिच्या वरच्या बाईंना विचारलं. गोष्ट सगळीकडे छापलेली आहे, पण सापो नावाचा डोंगर कुणाला कधी सापडलेला नाही. कुणीतरी नंतर रचलं आणि लोकांना आवडलं. शब्द खरा आहे तो रोमच्या लोकांनी उसना घेतलेला, त्यांच्या उत्तरेला राहणाऱ्या थंडीतल्या टोळ्यांकडून. ते लोक म्हणे चरबी आणि राखेचं ते मिश्रण केस लाल करायला वापरायचे, हे वाचून तुला बरं वाटेल, शेवटी तुझ्याच धंद्यात येऊन पोचलं. त्या लोकांत तो कुठून आला, तर कदाचित ठिबकणं, पाझरणं अशा अर्थाच्या कुठल्यातरी शब्दापासून. 'कदाचित' हा शब्द भाचीने मला दोनदा लिहायला लावला. त्याच्या मागे काही नाही. धुकं आहे. तुला हवं होतं ते टोक तिथे नाही, दादा.

आता वहिनीचं. तू म्हणतोस तुला तिचं सगळं कळतं. मान्य. पण तुला कळतं म्हणजे तिला बोलता येतं असं झालं का? उद्या तू तापाने पडलास, तर शेजारच्या शिंपिणीला कोण सांगणार की हा चहाचा आहे आणि हा छातीत कळ आल्याचा? तुमची ती एका शब्दाची भाषा या जगात तुम्हा दोघांनाच येते, आणि खरं सांगायचं तर बोलणारी एकटीच आहे. तिला मुलाबाळांची नावं घ्यावीशी वाटत नसतील, कारण तुम्हाला नाहीत. पण तुझं नाव घ्यावंसं वाटत नसेल? आमच्याकडे नळी तुंबली की तिच्यातला गोळा काढावाच लागतो. यंत्र थोडा वेळ कोरडं घरघरतं, ऐकवत नाही. पण काढल्याशिवाय पाणी येत नाही.

तू तिच्या गमतीत रमला आहेस. गिऱ्हाईकं येतात, हसतात, तुला बरं वाटतं. रागावू नकोस, पण विचार की तुला वहिनी बोलायला हवी आहे, की तिचा हा शब्द तुला सोडवत नाही?

ती बाई शिकलेली आहे. वेळ हीच आहे असं ती म्हणते. ऐक.

एवढं बोलून झाल्यावर माया मागायची मला लाज वाटते, तरी मागते. ती असू दे.

तुझी
टिटवी


दि. १७ मे
दुकानातून

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. तुझं पत्र पुन्हा वाचलं. मग बाईला निरोप धाडला की या.

सुरुवात केली. ती तोंड उघडते, 'सा' निघतो, मी तळवा धरतो. पहिल्या दिवशी तिला तो खेळ वाटला, तिनेही डावा तळवा धरून माझ्या तळव्यावर मारला. दुसऱ्या दिवशी कळलं. टिटवे, मी आयुष्यभर माणसांच्या गळ्यावर वस्तरा धरला. हा तळवा धरणं त्याहून अवघड आहे. ती माझ्याकडे अशी बघते की मी तिच्या हातातून काही हिसकावून घेतलं आणि का ते सांगत नाही. सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो. मान हलवते. मग विसरते, पुन्हा म्हणते, पुन्हा तळवा.

दुकानात पाटी लावलेली नाही, पण सगळ्या गिऱ्हाईकांना सांगून ठेवलं आहे की तो शब्द इथे काढायचा नाही. न्हाव्याच्या दुकानात साबण म्हणायची चोरी! 'ते' म्हणतात आता, 'ते लावा की जरा'. वाटी मी पडद्याबाहेर ठेवली आहे. मास्तरांना डोंगर नसल्याचं सांगितलं. ते म्हणाले, असायला हवा होता.

बाई खूश आहे. शब्द कमी झाला. आधी दिवसभर चालायचा, आता सकाळी थोडा, दिवेलागणीला थोडा. आरशासमोर तिला बसवून 'पा' शिकवते, ओठ मिटून उघडायचे. काल संध्याकाळी मी पेला पुढे केला तेव्हा तिने ओठ मिटले, उघडले, आणि हवा आली. नुसती हवा. पण मला त्यात 'पा' ऐकू आला. शपथ घ्यायला सांगशील तर घेणार नाही.

माया काय मागतेस, ती मागायची वस्तू आहे का. आहे तिथे आहे.

तुझा
दादा


दि. २ जून
कामावरून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

'पा' वाचून मी टेबलाशीच बसले आणि रडले. शिवणवाल्याने न विचारता पाणी आणून दिलं. त्यांना सगळ्यांना सांगितलं. आता रोज सकाळी आल्या आल्या विचारतात, भावजय काय म्हणाली? मी बोटाने दाखवते, येतंय, थोडं राहिलं.

मी सुट्टीचा अर्ज टाकला होता, तो नामंजूर झाला. हंगाम आहे. हंगाम संपला की पुन्हा टाकीन. तोवर 'पा'चं 'पाणी' होईल, मग मी आल्यावर तिनेच मला दारात विचारलं पाहिजे, पाणी हवं का म्हणून.

धीर धर. तूच मला पोहायला शिकवताना म्हणायचास, काठ दिसत नाही तेव्हा हात मोजू नयेत, मारावेत.

घाईत आहे. तिला जवळ घे माझ्यातर्फे.

तुझी
टिटवी


दि. १४ जुलै
दुकानातून

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझी मागची दोन्ही पत्रं आली, हंगामाचं आणि पायाच्या सुजेचं. उत्तर दिलं नाही. फोनही उचलला नाही. काय सांगू, हे ठरत नव्हतं. अजूनही ठरलेलं नाही, पण तू काळजीने वाळशील म्हणून लिहितो.

शब्द गेला. म्हणजे आम्हाला हवा होता तसा गेला, पूर्ण. आधी दिवेलागणीचा गेला, मग सकाळचा. आणि त्याच्या मागून कुणी आलं नाही. दार मोकळं झालं आणि आत घर रिकामं निघालं, असं झालं. 'पा' नव्हताच. ती हवाच होती.

बाई पुष्कळ दिवस येत राहिली. चित्रं दाखवली, गाणं म्हणायला लावलं, बोटं तिच्या गळ्यावर ठेवून आवाज काढायला शिकवलं. शेवटी तिने मोठ्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले की मध्ये एखादा बारीक झटका येऊन गेला असेल, किंवा नसेलही, मेंदूचं सांगता येत नाही. तळवा धरल्याने गेला की झटक्याने, असं मी विचारलं. तेही सांगता येत नाही म्हणाले. पण तू हे स्वतःच्या माथी घेऊ नकोस. तू सांगितलंस ते बरोबर होतं, बाईने सांगितलं तेही बरोबर होतं, मी केलं तेही. सगळ्यांनी बरोबर केलं. बाईने जाताना माझे हात धरले, आणि तीच रडायला लागली. मी तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. पोरसवदा आहे. तिला अजून पुष्कळ घरी जायचं आहे. आता तिचं येणं बंद झालं, इथे करण्यासारखं काही नाही म्हणून.

जाण्याआधी तिने एक मुभा दिली की आता तो शब्द घरात उच्चारायला हरकत नाही, कदाचित त्याने बरं वाटेल. त्याच संध्याकाळी वाटी पुन्हा जागेवर आणली, तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, साबण. जसा एखाद्याचा हरवलेला जिन्नस परत करतो तसा. तिने बघितलं. मी पुन्हा म्हटलं. मग तिच्याच चालीत म्हटलं, टॉवेलाचा म्हटला, उन्हाचा म्हटला, शिंपिणीच्या चहाडीचा डोळा बारीक करून म्हटला. मला तिच्या सगळ्या चाली येतात. तिने डावा हात उचलला आणि माझ्यासमोर तळवा धरला. रागाने नव्हे गं. आपल्याला शिकवलंय तसं करायचं, एवढंच.

आता तेही करत नाही. ऊन हवं की नको, चहा झाला की नाही, कुठे दुखतं, काही कळत नाही. मी अंदाजाने करतो. पुष्कळदा चुकतो. चुकलो की पूर्वी कानउघाडणी व्हायची, आता होत नाही, म्हणून चुकलो हेही कळत नाही. गिऱ्हाईकं येतात, पडद्याकडे बघतात, हळू आवाजात बोलतात. मीही दाढी करताना बोलत नाही. लोक दाढी झाली की लगेच उठून जातात.

तू पुन्हा रजेचा अर्ज टाकणार होतीस. टाक, पण तुझ्यासाठी टाक. इथे येऊन तुला ती ओळखेलच असं नाही, हे आधी सांगून ठेवतो.

आणखी एक. भाचीला म्हणावं, त्या धुक्यापलीकडचं काही सापडलं तरी आता पाठवू नकोस. मी त्याचा खूप विचार करतो. त्या थंड मुलखात कुणीतरी हा शब्द अगदी पहिल्यांदा उच्चारला असेल. समोरच्याला तो कळला नसेल, तो नुसता तोंडाकडे बघत राहिला असेल. म्हणून यानं पुन्हा म्हटला असेल, हातात वस्तू धरून, पुन्हा पुन्हा. मीही रोज सकाळी वाटी हातात धरून म्हणतो. ती बघते. फरक इतकाच की तिथल्या त्या समोरच्याने तो हळूहळू शिकून घेतला.

यंत्रावरच्या म्हाताऱ्याला, शिवणवाल्याला, सगळ्यांना सांग की भावजय आता काही म्हणत नाही. त्यांनी रोज विचारू नये, तुला सांगताना त्रास होईल.

तुझं लिही. तळघरात दिवा बरा आहे का, पायाची सूज उतरली का, सगळं लांबलचक लिही. मी मोठ्याने वाचून दाखवीन.

तुझा
दादा